गुहागरचा घरगुती मुक्काम, आणि जाणाऱ्यांनी आधी काय विचारून घ्यावं

कोकण म्हटलं की आमच्या ग्रुपमध्ये पहिला प्रश्न येतो, स्विमिंग पूल आहे का? अरे समुद्राला चाललोय ना! यावेळी रिसॉर्ट बाजूला ठेवून गुहागरला खालचा पाट या वस्तीत एका घरी उतरलो. गुहागर म्हणजे एक लांबच लांब रस्ता, दोन्ही अंगांना घरं, समुद्राच्या बाजूच्या घरांमागे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की थेट पुळण, त्यामुळे सकाळचा चहा झाला की अनवाणीच किनाऱ्यावर जाता येतं आणि किनारा तरी केवढा, सहा-सात किलोमीटर सलग.

रूम साधीच असते. स्वच्छ गादी, पंखा, मच्छरदाणी, अंघोळीला गरम पाणी. एसी हवा असेल तर बुकिंगलाच बोलून घ्या आणि लाईट गेली तर कुरकुर करू नका. जेवण मात्र घरच्या वेळेवर. साडेआठला काकूंची हाक आली की उठायचं, दहाला येऊन गरम पोळी मागायची नाही. आम्हाला वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी असं रोज वेगळं मिळालं. मोदकांचं काकूंनी आल्या आल्या सांगितलं, "हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा हो, नारळ खवण्यापासून तयारी असते." बऱ्याच घरांत शाकाहारीच मिळतं, मासे खाणाऱ्यांनी फोनवरच विचारावं, तिथे जाऊन तोंड पाडण्यात अर्थ नाही. अजून विचारायचं म्हणजे जेवण भाड्यात धरलंय की ताटावर, आणि गाडी आत येते का, कारण काही ठिकाणी वाट अगदी अरुंद आहे. सरकारी निवास-न्याहारी योजनेतली घरंही शोधता येतील, पण आम्हाला तरी ओळखीतून मिळालेलं घर बरं पडलं.

फिरायचं वेळापत्रक भरती-ओहोटीवर लावा, घड्याळावर नको. हेदवीला दशभुजा गणपती बघून खाली समुद्राजवळ उमामहेश्वराच्या देवळापाशी बामणघळ आहे, खडकातली अरुंद भेग, भरतीची लाट आत घुसली की पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग बघून परत याल. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही, घरच्या काकांना विचारा, त्यांना तोंडपाठ असते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण जास्त. खडकावर शेवाळ असतं, सेल्फीसाठी कडेला जाऊ नका प्लीज. वाटेत वेळणेश्वर करता येतं, शंकराचं देऊळ आणि समोर शांत किनारा, तिथे आम्ही दुपारभर काहीच केलं नाही आणि मला तोच दिवस सगळ्यात आवडला.

एक संध्याकाळ अंजनवेलला द्या. गोपाळगडाच्या आत चक्क आमराई आहे आणि खाली वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळताना दिसते. एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा तो गाजलेला दाभोळ वीजप्रकल्प इकडेच आहे बरं का, गुहागर तालुक्यात, दाभोळ गाव खाडीच्या पलीकडे. गुहागरात व्याडेश्वर आणि दुर्गादेवी, अनेकांची कुलदैवतं, त्यामुळे कुळाचाराला येणाऱ्या मंडळींनी घरं आधीच भरलेली असतात, लांब वीकेंडला आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर निघू नका.

येण्याचं सांगतो. ट्रेनने चिपळूण, तिथून ४५ किलोमीटरच्या आसपास, एसटी आहे. पुण्याहून कराड-पाटण-कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. पेट्रोल आणि एटीएमचं काम वाटेत शृंगारतळीलाच उरका, आणि रोख जवळ ठेवा, खेड्यात रेंज गेली की क्यूआर कोड भिंतीवर नुसता लटकलेला असतो. परत त्याच रस्त्याने जायचा कंटाळा असेल तर धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी घालून दाभोळला उतरा, तिथून दापोली. गणपतीपुळ्याला जायचं असेल तर तवसाळ-जयगड फेरी. शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी विचारून घ्या.

हिवाळा बेस्ट. मे महिन्यात हापूस आहे पण घामाने जीव जातो. पावसात हिरवंगार असतं, फक्त समुद्रात उतरायचं नाही. आणि आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि कोकम बाजारात शोधत बसू नका, घरीच मागा, बाटली मात्र गाडीत उभीच ठेवा, आगळाचे डाग सीटवरून जात नाहीत.