पात्म बेटावरची गुहा

पात्मला विमानतळ नाही. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोट धरायची आणि सात-आठ तास समुद्र बघत बसायचं. आम्ही स्कालाच्या धक्क्याला उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. वर डोंगरावर मठाची तटबंदी तेवढी दिव्यांच्या उजेडात दिसत होती. नकाशावर या बेटाचं नाव पॅटमॉस असं आहे, पण मराठी बायबलमध्ये ते पात्म. मी लहानपणापासून पात्मच म्हणत आले, इथेही तेच म्हणते.

मी इथे आले ती माझ्या धाकट्या भावामुळे. दोन वर्षं तो अंथरुणाला खिळून होता. शेवटी शेवटी कूस बदलायलाही त्याला माझा हात लागायचा. पलंगाच्या कडेला एक लोखंडी दांडी होती, ती धरून तो उठून बसायचा. रोज एकाच जागी धरून तिथला रंग उडाला होता, आतलं लोखंड उघडं पडलं होतं. भेटायला येणारी माणसं मायेची होती, पण काय बोलावं ते न सुचून ‘देवाची इच्छा’ एवढं म्हणून निघून जायची. तो ऐकून घ्यायचा. एका रात्री मात्र त्याने विचारलं, “ताई, अजून किती?”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पण त्याच आठवड्यात तोच प्रश्न मला बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात भेटला. हे पुस्तक मी वर्षानुवर्षं टाळलं होतं. श्वापद, टोळ, 666 हा आकडा, एवढीच त्याची माझी ओळख, आणि तीही भीतीची. सहाव्या अध्यायात विश्वासासाठी जिवे मारलेल्यांचे आत्मे वेदीखालून मोठ्याने विचारतात, प्रभू, किती वेळ? त्यांना कोणी गप्प करत नाही. तुमचा विश्वास कमी पडला, असंही कोणी म्हणत नाही. प्रत्येकाला शुभ्र झगा देतात आणि आणखी थोडा वेळ थांबा म्हणतात. मी ते भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “परत वाच.” मी परत वाचलं.

ज्याने हे लिहिलं तो योहान कुठे बसला होता, ते मला बघायचं होतं.

सकाळी स्कालाहून होरा गावाकडे जाणाऱ्या जुन्या फरसबंदी वाटेने निघालो. योहानाला हे दर्शन जिथे झालं असं मानतात, ती गुहा साधारण अर्ध्या वाटेवर आहे. बेट लहान, जेमतेम 34 चौरस किलोमीटर, सगळं खडकाळ. योहान स्वतःबद्दल फार थोडं सांगतो: क्लेश, राज्य आणि धीर यांत मी तुमचा भागीदार, आणि देवाच्या वचनासाठी व येशूच्या साक्षीसाठी मी पात्म बेटावर होतो. हा योहान नेमका कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, जुनी परंपरा त्याला येशूचा शिष्य प्रेषित योहानच मानते. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक आयरेनियस म्हणतो की हे दर्शन डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस झालं. या रोमन बादशहाने 81 ते 96 या काळात राज्य केलं. म्हणजे परंपरा खरी धरली तर इथे हद्दपार करून आणलेला माणूस चांगलाच म्हातारा होता.

आणि त्याची माणसं पलीकडे, आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. या सात मंडळ्यांना त्याने लिहिलं. स्मुर्णाच्या मंडळीला प्रभू सांगतो की तुझे क्लेश आणि तुझं दारिद्र्य मला ठाऊक आहे. पुढे आणखी छळ येणार आहे हेही तो लपवत नाही. आजारी माणसापुढे ‘सगळं ठीक होईल’ म्हणणाऱ्यांत मीही होते. त्यामुळे हा खरेपणा मला फार मोलाचा वाटतो.

गुहेकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. गुहेलाच जोडून संत अन्ना हिचं छोटं प्रार्थनामंदिर बांधलेलं आहे, त्यामुळे एका अंगाला भिंत आणि चित्रं, तर दुसऱ्या अंगाला अंगावर येणारा काळपट खडक. फोटो काढायला मनाई आहे, ते बरंच आहे. छताच्या खडकाला तीन फाटे फुटलेली भेग आहे. तिथूनच योहानाला दर्शनातला आवाज आला असं सांगतात. खाली जमिनीलगत खडकात एक खोबण आहे, तिच्या कडेला चांदीचं वेष्टण. योहान तिथे डोकं टेकून निजायचा, अशी श्रद्धा आहे. त्याच्या थोडी वर आणखी एक लहान खोबण आहे, तिलाही चांदी मढवलेली. ती कशासाठी, हे मला आधी माहीत नव्हतं. म्हातारा योहान त्यात हात घालून उठायचा, असं कळलं.

मी खालीच बसले.

परंपरा खरी की खोटी, हे मला ठरवता येणार नाही, आणि त्या क्षणी त्याची गरजही वाटली नाही. नवं आकाश आणि नवी पृथ्वी पाहणाऱ्या माणसाला सकाळी उठायला आधार लागत होता, ही गोष्ट शतकानुशतकं कोणालातरी जपून ठेवावीशी वाटली. त्यांनी तेवढ्या जागेला चांदी लावली. माझ्या डोळ्यांपुढे ती रंग उडालेली दांडी होती.

बाहेर आलो तर समोर समुद्र. या बेटावर कुठेही उभं राहा, समुद्र दिसतोच. नव्या पृथ्वीवर समुद्र राहिला नाही, असं योहान लिहितो, आणि घरी वाचताना मला ते नेहमी खटकायचं. समुद्रासारखी सुंदर गोष्ट देव कशाला काढून टाकेल? इथे पायरीवर बसून वाटलं, त्याला दिसत होता तो हाच समुद्र. तेराव्या अध्यायात श्वापद वर येतं तेही समुद्रातूनच. आणि त्याची सगळी माणसं त्या पाण्याच्या पलीकडे होती. समुद्र राहिला नाही, या वचनानंतर तीनच वचनांनी ते वाक्य येतं, जे आम्ही भावाच्या दफनविधीत वाचलं होतं: “तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील.”

ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयी बोलताना आपण फार वेळा तारखा मोजत बसतो. तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, हे येशूने स्वतः सांगितलं असताना! माझ्या भावाला तारीख नको होती. त्याला हे हवं होतं की हे असंच राहणार नाही, आणि हे संपवायला जो येणार आहे त्याला दुखणं म्हणजे काय ते माहीत आहे. पुनरुत्थानानंतर येशूने आपल्या शिष्याला, थोमाला, हातांवरचे खिळ्यांचे व्रण दाखवले. भाऊ माझ्याकडून तो भाग वाचून घ्यायचा आणि मग स्वतःचे सुया टोचून काळेनिळे झालेले हात बघायचा. आत्मा सुटला, शरीराचं काय ते होवो, हे ख्रिस्ती आशेचं बोलणंच नाही. प्रेषित पौल रोमकरांना पाठवलेल्या पत्रात शरीराच्या मुक्तीची वाट पाहण्याबद्दल लिहितो. ज्या शरीराला मी दोन वर्षं पुसलं, भरवलं, उचललं, ते देवाला नकोसं नाही.

आणि रडायला बंदी नाही. मरण पावलेल्या आपल्या मित्राला, लाजराला, आता उठवायचंच आहे हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेपाशी जाताना रडला. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात शोक करू नका असं म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. हा फरक मला कोणीतरी आधी सांगायला हवा होता.

दुपारी वर होराला गेलो. मठ 1088 मध्ये ख्रिस्तोदुलोस या संन्याशाने स्थापन केला, सम्राट पहिल्या अलेक्सिओसने दिलेल्या दानपत्रावर. बाहेरून तो किल्लाच वाटतो, कारण चाच्यांची भीती होती. युनेस्कोने 1999 मध्ये गुहा, मठ आणि जुनं होरा गाव जागतिक वारशात घेतलं. मठाच्या ठेव्यात मार्काच्या शुभवर्तमानाची सहाव्या शतकातली पानं आहेत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या अक्षरांची. पण खरं सांगते, त्या दिवशी माझं लक्ष तिथे फारसं नव्हतं.

संध्याकाळच्या उपासनेआधी पुन्हा गुहेत आले. ऑर्थोडॉक्स मंडळीत प्रार्थनेसाठी चिठ्ठीवर नावं लिहून देतात: एकीकडे जिवंत असलेल्यांची, दुसरीकडे गेलेल्यांची. मृतांसाठी अशी नावं द्यायची पद्धत आमच्या मंडळीत नाही, म्हणून मी नुसती बघत उभी होते. शेजारच्या आजींनी आपली चिठ्ठी लिहून झाल्यावर पेन माझ्यापुढे धरलं. मी दुसऱ्या बाजूवरच्या ग्रीक शब्दावर बोट ठेवलं आणि खुणेनेच अर्थ विचारला. त्यांनी दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले आणि डोळे मिटले. झोपी गेलेले. पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना हाच शब्द वापरतो.

मी पेन घेतलं आणि त्या बाजूला देवनागरीत भावाचं नाव लिहिलं.