आपलं सोपारा?

रविवार, रात्रीचे साडेनऊ

आज जम्बो ब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद किंवा कमी. भाचीला म्युझियम दाखवीन असं आठवडाभर कबूल केलेलं, आणि नालासोपारा स्टेशनात पाहते तर पाय ठेवायला जागा नाही. परत फिरलो. तिचे फुगलेले गाल बघवेनात, म्हणून रिक्षा केली आणि तिला बुरुड राजाच्या कोटावर, म्हणजे इथल्या जुन्या बौद्ध स्तूपावर घेऊन गेले.

म्युझियम म्हटलं की मला २०१७-१८ मधलं ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन आठवतं. ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाबरोबर मिळून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने भरवलेलं. दोनशेच्या आसपास वस्तू, नऊ गोष्टींत मांडलेल्या. आईला घेऊन गेले होते. सगळी गर्दी त्या संगमरवरी थाळीफेक्याभोवती, प्रत्येकाला सेल्फी हवा. १७९१ मध्ये रोमजवळ रोमन सम्राट हेड्रियनच्या महालात तो सापडला, आणि डागडुजी करणाऱ्याने डोकं उलटं जोडलं. खरं तर मान थाळीकडे वळलेली हवी, याचा खेळाडू आपला जमिनीकडे बघतोय. आईला हे सांगितलं तर म्हणाली, “मग इतक्या वर्षांत कुणी सरळ नाही केली?”

हरियाणातून आलेला सोन्याच्या शिंगांचा लहानसा बैल मात्र तिने दोनदा पाहिला. “एवढ्याशा शिंगांना सोनं! बैलाची हौस आहे.” डच चित्रकार रेम्ब्राँने मुघल चित्रावरून काढलेला जहांगीर मी खूप वेळ बघत राहिले. भारतात कधी पाऊल न टाकलेला माणूस, पण रेषा किती आदबीने ओढलेल्या.

आणि मग तो दगड. काळा फत्तर, तुटका, त्यावर ब्राह्मीतली अशोकाची आज्ञा. खाली पाटी: सोपारा. आई जवळजवळ ओरडलीच, “अगं, आपलं सोपारा?” आजूबाजूच्यांनी वळून पाहिलं. सकाळी आठची गाडी पकडून, दीड तास लटकत आम्ही जग बघायला आलो होतो, आणि जगात आमचं स्टेशन निघालं.

घरी येऊन मी वाचत बसले. आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना इथल्या भातेला तलावाजवळ मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावात. नवव्या आज्ञेत सम्राट म्हणतो की आजारपण, लग्नकार्य, प्रवास, काही निघालं की लोक नाना विधी करतात, आणि बायका तर फारच निरर्थक विधी करतात. आईला वाचून दाखवलं. ती मंगळागौरीची यादी करत होती. “त्याच्या घरी कोण करायचं मग?” एवढंच म्हणाली आणि यादीत खोबरं वाढवलं.

ते प्रदर्शन पुढे दिल्लीला गेलं, पाहुण्या वस्तू आपापल्या घरी गेल्या.

आज कोटावर ऊन रणरणत होतं. भाचीला स्तूप म्हणजे विटांचा ढीगच वाटला. मग सांगितलं, की त्याच १८८२ साली याच ढिगाच्या पोटात दगडी पेटी सापडली. आत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. भोवती ब्राँझच्या आठ मूर्ती, सात बुद्ध आणि आठवा अजून यायचा असलेला मैत्रेय. सोन्याची फुलंही होती. आणि एवढा सगळा थाट कशासाठी, तर खापराच्या काही तुकड्यांसाठी. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा.

“सोन्यात मडकं?” तिने विचारलं. रिक्षात बसेपर्यंत तेच चाललं होतं, सोन्यात मडकं, सोन्यात मडकं.

मग एकदम, “आता कुठे आहे ते?”

“फोर्टात. एशियाटिक सोसायटीकडे.”

“म्हणजे परत ट्रेन,” ती म्हणाली, आणि गाल पुन्हा फुगले.