तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फात, घाटात, इलेक्ट्रिक गाडीनं

“एवढ्या थंडीत घाटात इलेक्ट्रिक गाडी नेता, मध्येच बंद पडली तर?” हे मला इतक्यांदा विचारलं गेलंय, की प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर सुरू होतं. रेंज, म्हणजे एका चार्जवर गाडी जाईल ते अंतर, घटते, हो. पण किती घटेल याचा अंदाज आधी बांधता येतो. नॉर्वेतली मोटारचालकांची संघटना दर हिवाळ्यात गाड्या बॅटरी संपेपर्यंत रस्त्यावर चालवून बघते. काही गाड्या कंपनीनं जाहीर केलेल्या आकड्याच्या जवळपास पोचतात, काहींचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त गळतो. तेव्हा हिशेब करा आणि निघा. चार हिवाळे मी हेच सांगत आलो. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त एक सकाळ मी त्यातून दरवेळी वगळत आलो.

आदल्या रात्री खिंडीच्या अलीकडे मुक्कामाला पोचलो तेव्हा बॅटरीत ४६ टक्के होते. अंगणात साधा प्लग होता. मी गाडी चार्जिंगला लावली नाही. पलीकडचा फास्ट चार्जर ७८ किलोमीटरवर, मध्ये ९०० मीटरचा चढ. दोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला पाच-साडेपाच युनिट, उतारावर त्यातले निम्म्याहून जास्त परत. ६० युनिटांच्या बॅटरीत ४६ टक्के म्हणजे साडेसत्तावीस युनिट. भरपूर झाले. शिवाय बाहेर उणे १४ होतं आणि पुन्हा बूट चढवून केबल ओढत जायचा कंटाळा आला होता. हे दुसरं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी गाडी आतबाहेर गोठलेली. पेट्रोल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता हीटरला आयती मिळते, इथे उबेचा प्रत्येक अंश बॅटरीतूनच काढायचा. रात्रभर प्लगला असती तर ही पहिली ऊब भिंतीतल्या विजेवर झाली असती. आता पहिली वीस मिनिटं हीटर पाच किलोवॅट ओढत होता. थंड हवा दाट असते, ताजं बर्फ चाकं धरून ठेवतं, हे सगळं मी हिशेबात घेतलं होतं. घेतलं नव्हतं ते पुढे चाललेलं बर्फ हटवणारं यंत्र. त्याच्या मागे पाऊण तास रांगेत गेला. माथ्यावर पोचलो तेव्हा १५ टक्के, आणि पुढे ४६ किलोमीटर. मी हीटर बंद केला.

आई मागे बसली होती. गुडघ्यांमुळे तिला पाय पसरून बसावं लागतं. पुढच्या सीट गरम करायची सोय माझ्या गाडीत आहे, मागच्या सीटना नाही. सीट गरम करायला फार थोडी वीज लागते, म्हणून माझी मी चालू ठेवली होती. माझी पाठ शेकत होती.

काच आतून धुरकटून गोठायला लागली. मी एका हातानं कापड फिरवत होतो. उतार लागला तरी टक्के वाढेनात. बॅटरी गार असली की उतारावर चाकांकडून परत येणारी वीज ती पुरती घेत नाही. हे मला पाठ होतं, तरी प्रत्येक वळणावर वाटायचं, आता वाढेल. तेरा, बारा, अकरा. दोनदा विचारलं, “आई, बरी आहेस ना?” दोन्ही वेळा ती लगेच “हो” म्हणाली. इतक्या लगेच, की तेव्हाच कळायला हवं होतं.

चार्जरवर पोचलो तेव्हा ६ टक्के उरले होते. दीडशे किलोवॅटचा चार्जर, दिले त्यानं चोवीस. बॅटरीच्या गार सेलमध्ये जोरानं वीज ढकलली तर त्यातलं लिथियम सेलमधल्या ग्रॅफाइटच्या आत शिरायचं सोडून त्याच्या वरच धातूचा थर धरतं आणि सेल कायमचा खराब होत जातो. म्हणून गाडी स्वतःच हात आखडता घेते. बॅटरी वाटेत तापवून ठेवता येते, पण त्यालाही वीज लागते आणि एवढ्या कमी टक्क्यांवर माझी गाडी ते करत नाही. हे सगळं मी आईला समजावून सांगायला लागलो. तिनं हातमोजे काढले. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

“सांगितलं का नाहीस?”

“तू हिशेब करत होतास. म्हटलं, मध्ये बोलू नये.”

सहा टक्के म्हणजे साडेतीन युनिट. हीटरला दोन किलोवॅट धरले तर पावणेदोन तासांची ऊब. ती तिच्या पायांखालीच, गाडीच्या तळाशी होती आणि मी ती राखून ठेवली होती.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही सांगतच होतो. ते मला मान्य नाही. बर्फात अडकलेल्या पेट्रोल गाडीचा सायलेन्सर बर्फानं बुजला तर इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. माझी गाडी भरलेल्या बॅटरीवर एका जागी उभी राहून दिवसभराहून जास्त ऊब देईल, धुराविना. रात्री प्लगला लावली असती तर यातलं काहीच घडलं नसतं, हेही खरं. पण हे बोलताना मला दरवेळी जाणवतं, की मी गाडीची बाजू घेतोय आणि मागच्या सीटबद्दल बोलायचं टाळतोय.

“हा सगळा नियोजनाचा प्रश्न आहे,” असं मी ठामपणे सांगायचो. त्या सकाळी नियोजन माझं होतं, थंडी तिची. तिला कुणी विचारलंच नव्हतं. आता मुक्कामाला पोचल्या पोचल्या, बॅटरी अजून गरम असतानाच गाडी चार्जिंगला लावतो. माथ्यावर ३० टक्के नसतील असं वाटलं तर निघत नाही. मागे जाड रजई असते. तरी गेल्या महिन्यात, एकटा असताना, २२ टक्के दिसले आणि हात आपोआप हीटरच्या बटणाकडे गेला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच घाट आहे. आईला विचारलंय. तिनं अजून काही सांगितलेलं नाही.