बाईंचा मस्ट आणि एसटीचा हॅड टू

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, त्यामुळे आठवीत मोडल ऑक्झिलरी (मस्ट, शुड, मे असली मदतीला येणारी क्रियापदं) आले तेव्हा सगळ्यांचीच तंतरलेली. गाइडमध्ये सरळ होतं, मस्ट म्हणजे सक्ती, शुड म्हणजे सल्ला, तेवढं लिहिलं की मार्क मिळायचे, पण आमच्या बाईंचं तेवढ्यावर भागायचं नाही. त्यांनी होमवर्क दिला, घरात दिवसभर कोणाला काय काय करावं लागतं ते ऐकून या.

दुसऱ्या दिवशी फळा भरला. आईला पहाटे उठावं लागतं कारण नळ तेव्हाच येतो, आजोबांना बीपीची गोळी घ्यावी लागते, कुणाच्या दादाला रात्रीची लाइट असली की मोटर चालू करायला शेतावर जावं लागतं. बाई प्रत्येक वाक्याला एकच विचारायच्या, "हे ठरवलं कोणी?" नळाची वेळ, डॉक्टरची चिठ्ठी, लाइटचं टायमिंग, बोलणाऱ्याच्या हातात काहीच नाही, म्हणून हॅज टू. आणि, बाई म्हणायच्या, मी डोळे वटारून सांगते ना की वही पूर्ण झालीच पाहिजे, तो मस्ट! (बोलताना हा फरक कोणी इतका काटेकोर पाळत नाही, अमेरिकन लोक तर सर्रास हॅव टूच वापरतात, पण आठवीतल्या पोराला पकडायला काहीतरी लागतं ना.)

एसटी आली नाही म्हणून चालत यावं लागलं, याचं एकाने "आय मस्टेड वॉक" केलं. वर्ग खो खो हसला, बाई नाही हसल्या. म्हणाल्या, मस्ट हेच मुळात जुन्या इंग्रजीतलं भूतकाळाचं रूप आहे, त्याला अजून ईडी कुठून लावतोस, इथे हॅड टू घे.

नकाराला मात्र निम्मा वर्ग आडवा. "उद्या यायला नको" याचं सगळ्यांनी बिनधास्त "यू मस्ट नॉट कम टुमॉरो" केलेलं. बाई म्हणाल्या, मग उद्या शिपाईमामा गेटवर काठी घेऊन उभे राहतील, येऊन दाखवा! सुट्टी द्यायची तर डोन्ट हॅव टू किंवा नीड नॉट, मस्ट नॉट म्हणजे थेट मनाई. होकारात मस्ट आणि हॅव टू दोघं एका बाकावर बसतात आणि नकारात एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे त्यांचंच वाक्य.

आता मी नेटवर्किंगमध्ये आहे. इंटरनेटचे नियम ज्या आरएफसी नावाच्या डॉक्युमेंटमध्ये असतात, त्यात या शब्दांचे अर्थ ठरवून दिलेत, १९९७ ची आरएफसी २११९. मस्ट म्हणजे करायचंच. शुड म्हणजे तसंच सबळ कारण असेल तर सोडता येतं, पण परिणामांचा नीट विचार करून. मे म्हणजे तुमची मर्जी. नवीन पोरं शुड दिसलं की ऑप्शनल समजून सोडून देतात आणि मग दुसऱ्या कंपनीच्या राउटरशी आपला राउटर धड बोलत नाही, रात्री दोनला फोन आपल्याला.

दिवाळीत बाईंना हे फोनवर सांगितलं, म्हटलं तिथे मस्ट कॅपिटलमध्ये लिहितात. त्यांनी लगेच विचारलं, "आणि वाक्याच्या ओघात स्मॉलमध्ये आला तर? तोही सक्तीचाच का?" नेमक्या याच गोंधळावर २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ काढली गेली, कॅपिटल असेल तरच तो खास अर्थ, नाहीतर आपला रोजचा इंग्रजी मस्ट. बाई म्हणाल्या, "वीस वर्षं लागली होय रे त्यांना!"