3 फूट बाय 6 फूट

सॅन फ्रान्सिस्कोला येणारे आपले पाहुणे गोल्डन गेट ब्रिज बघतात, पिअरवर जाऊन सी लायन बघतात, आणि वेळ उरलाच तर कॅस्ट्रोमध्ये, म्हणजे इथल्या गे वस्तीत, रंगीत झेब्रा क्रॉसिंगवर फोटो काढून निघतात. त्या भागातल्या वारलेल्या, विशेषतः एड्सने गेलेल्या माणसांबद्दल कोणी फारसं विचारत नाही, मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं, म्हणून आज त्यांच्याबद्दलच लिहितेय.

हार्वी मिल्क हे नाव काहींनी ऐकलं असेल. उघडपणे गे असलेला इथला नगरसेवक. 27 नोव्हेंबर 1978 ला त्याला आणि मेयर जॉर्ज मॉस्कोनीला एका माजी नगरसेवकाने सिटी हॉलमध्येच गोळ्या घातल्या. मिल्कवर सगळे बोलतात, मॉस्कोनी मात्र तळटीपेत जातो आणि मला ते पटत नाही, कारण तो स्वतः बायकामुलांचा संसारी माणूस, तरी समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा, आपल्या कलम 377 सारखा जो कायदा कॅलिफोर्नियात होता तो 1975 मध्ये गेला त्यात ह्याचा मोठा हात होता. आपल्याकडे त्यासाठी 2018 उजाडलं.

तर दर वर्षी त्या दोघांच्या खुनाच्या तारखेला मेणबत्त्या घेऊन मोर्चा निघतो. 1985 साली, एड्सने गावातली तरुण पोरं पटापट जात होती तेव्हा, मिल्ककडे पूर्वी काम केलेल्या क्लीव्ह जोन्सने मोर्च्यातल्या लोकांना सांगितलं की तुमचं जे कोणी गेलं असेल त्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहा. मग शिड्या लावून ते सगळे पुठ्ठे फेडरल बिल्डिंगच्या भिंतीवर चिकटवले आणि लांबून ती भिंत त्याला ठिगळं जोडलेल्या गोधडीसारखी दिसली. तिथून एड्स मेमोरियल क्विल्ट सुरू झाली. ऑक्टोबर 1987 मध्ये वॉशिंग्टनला पहिल्यांदा अंथरली तेव्हा 1,920 तुकडे होते, आता 50 हजारांच्या आसपास आहेत, नावं 1,10,000 च्या वर, आणि वजन 54 टन! प्रत्येक तुकडा 3 फूट बाय 6 फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. तेव्हा बऱ्याच फ्युनरल होमवाल्यांनी ही प्रेतं घ्यायला नकार दिला होता, कित्येकांच्या घरचे आलेच नाहीत, त्यामुळे काहींसाठी तो तुकडा हीच काय ती समाधी.

2022 च्या जूनमध्ये गोल्डन गेट पार्कात जवळजवळ तीन हजार तुकडे अंथरले होते तेव्हा मी गेले. पांढरे कपडे घातलेले स्वयंसेवक, मधूनमधून ठेवलेले टिश्यूचे बॉक्स, आणि माईकवर एकामागून एक नावं वाचणं चालू. मला वाटलं होतं सगळं रडकं असेल, पण अहो लोकांनी काय काय शिवलंय त्यावर, जीन्स, टेडी बेअर, टाय, काउबॉय बूट, कोणाची भडक पार्टीवेअर सिक्विनं. रोगाचा उल्लेख शोधावा लागतो, माणूस कसा होता ते मात्र लगेच कळतं, नाचायचा, बागकाम करायचा, विनोद फालतू मारायचा. काहींवर नुसतं पहिलं नाव. एक तुकडा तर बिननावाचाच आहे, भावासाठी केलेला, नाव जाहीर करायला आईवडील तयार नव्हते असं त्यावर लिहिलंय. तिथे मी बराच वेळ उभी होते. आपल्याकडे तर्पणात नाव-गोत्र घेतात ना, ते घेणारं घरातलंच कोणीतरी लागतं, आणि घरानेच नाव टाकलं तर? इथे मित्रांनी घेतलं, शेजाऱ्यांनी घेतलं, आणि काहींचं त्यांच्या नर्सेसनी.

नावं छापायचंही एक ठिकाण होतं. बे एरिया रिपोर्टर हे इथलं गे साप्ताहिक, त्यात आठवड्याच्या आठवड्याला श्रद्धांजल्यांची पानं भरून यायची, फोटोत सगळे तिशी-चाळिशीतले. 1996 च्या सुमारास नवीन औषधं आली आणि ऑगस्ट 1998 च्या एका अंकात मोठ्या अक्षरात मथळा आला, की या आठवड्यात एकही श्रद्धांजली नाही. बातमी काय, तर कोणी गेलं नाही!

आणि एक रूथ ब्रिंकर म्हणून आजी होत्या. रिटायर झालेल्या, नातवंडंवाल्या. एड्स झालेला ओळखीतला माणूस स्वतः रांधू शकत नाही म्हणून उपासमारीनेच खंगतोय हे बघितलं आणि 1985 मध्ये घरून सात जणांचे डबे सुरू केले. त्याचं पुढे प्रोजेक्ट ओपन हँड झालं, ते अजून चालू आहे. लोक शेजारच्याच्या कपाला हात लावत नव्हते त्या काळात ह्या बाई दारात जाऊन गरम जेवण देत होत्या. 2011 मध्ये वारल्या.

ह्यांच्या पंगतीत मला गोव्याच्या लूसी डिसोझा बसवाव्याशा वाटतात. 1989 मध्ये त्यांच्या मुलाला, डॉमिनिकला, रक्तदानानंतर एचआयव्ही निघाला म्हणून पोलिसांनी उचललं आणि बंद पडलेल्या टीबी सॅनेटोरियममध्ये 64 दिवस कोंडलं. आई सरळ हायकोर्टात गेली, सरकारविरुद्ध. डॉमिनिकने नंतर पॉझिटिव्ह पीपल ही संस्था काढली आणि मे 1992 मध्ये तो गेला. गोव्यात सुट्टीला दर वर्षी जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे माहितीये?

आता इकडे येणार असाल तर गोल्डन गेट पार्कातलं एड्स मेमोरियल ग्रोव्ह, म्हणजे एड्सने गेलेल्यांची स्मृतिबाग, बघाच. ठरावीक शनिवारी कोणीही जाऊन तिथे तण उपटू शकतं, माती टाकू शकतं, झाडं लावू शकतं, ओळखपाळख लागत नाही. फक्त बूट घालून या, चपलांचं काम नाही, चिखल फार असतो.