साठा तपासणारा रोबो दुकानात बसवताना: माझा अनुभव

साठा तपासणारा, म्हणजे दुकानाच्या वाटांतून फिरून फळ्या बघणारा रोबो आणायचा ठरला की बैठकीत बोलणं होतं ते चाकांचं, सेन्सरांचं आणि बॅटरीचं. माझ्या अनुभवात रोबो दुकानात न धडकता फिरू लागायला एखादा आठवडा पुरतो. त्याने दिलेली यादी हातात घेऊन लोक मुकाट्याने कामाला लागायला मात्र दोन-तीन महिने जातात, आणि हा सगळा वेळ फळीवरची लेबलं आणि संगणकातल्या नोंदी खातात. म्हणून खाली त्यांच्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. कॅमेऱ्याचा रोबो नग मोजत नाही. फळीचा दर्शनी भाग रिकामा आहे का, लेबल आहे का, लेबलावरची किंमत बरोबर आहे का आणि लेबलासमोर भलताच माल आहे का, एवढं तो सांगतो. पुढे एक डबा उभा असेल आणि मागे काहीच नसेल, तरी कॅमेऱ्याला फळी भरलेलीच दिसते. खरी नगसंख्या हवी असेल तर प्रत्येक नगावर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी चिप) लागतो, आणि तो कपडे-बुटांच्या दुकानात परवडतो, किराण्यात सहसा नाही. हा फरक सुरुवातीला मांडला नाही, तर सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं, ‘मग वार्षिक मालमोजणी बंद करायची का?’ कॅमेऱ्याच्या रोबोच्या भरवशावर ती बंद करता येत नाही.

जागेची पाहणी टेप घेऊन करावी. दोन रॅकमधली वाट रोबोच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी किमान ३० सेमी जास्त हवी. नकाशावर वाट रुंद असते, प्रत्यक्षात तिथे ऑफरचा ढीग असतो, म्हणून मापं दुकान चालू असतानाच घ्यायची. रोबोचा मुख्य लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) जमिनीपासून एका ठरावीक उंचीवर, एकाच आडव्या पातळीत बघतो. तो २० सेमीवर असेल, तर खाली टेकलेल्या पॅलेट ट्रकचे पाते त्याला दिसत नाहीत, कारण ते साधारण ८-९ सेमी उंचीचे असतात. वरच्या बाजूला पुढे आलेली फळी किंवा उघडं राहिलेलं फ्रीजचं दारही त्याला दिसत नाही. त्यासाठी खाली झुकवलेला डेप्थ कॅमेरा (अंतरही मोजणारा कॅमेरा) आणि वरच्या अर्ध्या भागासाठी वेगळा सेन्सर लागतो. काच आणि आरसा ही तिसरी अडचण. लायडारचा किरण काचेतून पार जातो किंवा आरशातून परततो, आणि नकाशात नसलेली खोली उमटते. अशा जागी लायडारच्या उंचीवर अपारदर्शक पट्टी चिकटवली की काम भागतं.

नकाशा दुकान बंद झाल्यावर, रोबो हाताने चालवून करावा. नकाशाला पाच सेंटिमीटरच्या चौकटींची जाळी पुरेशी होते. सरळ शेवटापर्यंत जाऊन परत न येता, दर दोन-तीन रॅकनंतर आधी पाहिलेल्या जागी वळसा घ्यावा; मग जागेच्या अंदाजात साचलेली चूक सॉफ्टवेअरला दुरुस्त करता येते. दुकानाची खरी पंचाईत अशी की सगळ्या वाटा सारख्याच दिसतात. सहावी आणि सातवी वाट लायडारला जुळ्या वाटतात, आणि रोबो मध्येच उचलून ठेवला तर तो स्वतःला शेजारच्या वाटेत समजतो. प्रत्येक वाटेच्या टोकाला काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणेचं स्टिकर लावलं की हा गोंधळ थांबतो. आपोआप उघडणारी दारं, उतार आणि सरकते जिने यांच्याभोवती प्रवेशबंदीची रेघ नकाशातच आखावी, सेन्सरवर सोडू नये.

आता कॅमेरा. इथे अंदाजाने चालत नाही, गणित करावं लागतं. ईएएन-१३ (मालावरच्या नेहमीच्या १३ अंकी) बारकोडची सगळ्यात बारीक रेघ मूळ आकारात ०.३३ मिमी असते. ८० टक्के आकारात छापला तर ०.२६४ मिमी, आणि फळीच्या लेबलावर जागा कमी म्हणून बहुतेकदा हाच आकार असतो. रेघ खात्रीने वाचायला तिच्यावर सुमारे तीन पिक्सेल पडायला हवेत, म्हणजे एका पिक्सेलला ०.०९ मिमी. ४००० × ३००० पिक्सेलचा कॅमेरा उभा लावला, तर एका फोटोत जेमतेम ३५ सेमी उंची आणि २६ सेमी रुंदी मावते. दोन मीटर उंच रॅकसाठी थोडा भाग एकमेकांवर येईल असे सहा ते सात कॅमेरे लागतात.

वेगाचं गणितही याच रेघेवर बेतलेलं आहे. रोबो सेकंदाला ३० सेमी चालतो आणि शटर १/१००० सेकंद उघडं राहतं, तर तेवढ्यात तो ०.३ मिमी पुढे सरकतो, म्हणजे एका अख्ख्या रेघेपेक्षा जास्त. बारकोड राखाडी पट्टा होतो. धूसरपणा रेघेच्या तिसऱ्या हिश्शात ठेवायचा तर शटर १/३५०० च्या आसपास न्यावं लागतं, आणि दुकानातला साधा प्रकाश त्याला पुरत नाही. म्हणून शटरबरोबरच चमकणारे एलईडी लागतात. लेबलाचा नमुना बदलायची मोकळीक असेल तर याहून स्वस्त उपाय आहे: बारकोड ९० अंशांत फिरवून, रेघा आडव्या येतील असा छापायचा. मग रोबोच्या चालीचा धूसरपणा रेघेच्या लांबीच्या दिशेने पसरतो आणि वाचनाला फारसा त्रास देत नाही.

फोकसकडे दुर्लक्ष होतं. रोबो फळीपासून ६० सेमीवर चालेल असं धरून लेन्स बसवलेली असते. वाटेत ट्रॉली आली, रोबोने २० सेमी बाजूला वळण घेतलं, की तेवढ्या पट्ट्यातली लेबलं अस्पष्ट. अशा पट्ट्याला ‘वाचलं नाही’ अशी खूण करून तो फेरीच्या शेवटी पुन्हा घ्यायला लावावा. लेबल दिसलं नाही आणि लेबल तिथे नाही, या दोन गोष्टी यादीत एक झाल्या की यादी निकामी होते.

फोटोंचा पसाराही मोजून ठेवावा. २० मीटरच्या वाटेची एक बाजू, दर १८ सेमीला एक फोटो, सात कॅमेरे: साधारण ७८० फोटो. अशा ४० बाजू असतील तर एका फेरीत ३१ हजारांच्या वर फोटो होतात. ते दुकानाच्या वायफायवरून पाठवायचा विचार सोडून द्यावा. वाचन रोबोवरच करून फक्त निकाल आणि शंकास्पद तुकडे पाठवावेत. काचेच्या दारांचे फ्रीज हा वेगळा विषय आहे. एलईडीचा झोत काचेवरून थेट लेन्समध्ये येतो, म्हणून दिवा तिरपा लावून लेन्सवर पोलरायझर (चकाकी अडवणारा फिल्टर) बसवावा लागतो. दार नुकतंच उघडून बंद झालं असेल तर आतून धुकं धरतं. ती दारं त्या फेरीपुरती सोडून द्यायची.

यापुढचा भाग सगळ्यात जास्त चिकाटी मागतो. रोबोच्या दृष्टीने फळीवरचं लेबल हाच मालाचा पत्ता. एका लेबलाच्या डाव्या कडेपासून पुढच्या लेबलाच्या डाव्या कडेपर्यंतची जागा पहिल्या वस्तूची, असा साधा नियम सॉफ्टवेअर धरतं. कुणी लेबल मालाच्या बरोबर मध्ये लावलं की हिशेब अर्ध्या जागेने सरकतो, आणि भरलेल्या वस्तूच्या नावावर शेजारची रिकामी जागा पडते. आम्ही पहिला लेखी नियम केला तो हाच: लेबल नेहमी मालाच्या डाव्या कडेखाली. दुसरा नियम असा की वस्तू बंद झाली की लेबल त्याच दिवशी काढायचं. जुनं लेबल राहिलं तर रोबो रोज न चुकता ‘माल संपला’ असं सांगतो आणि ते खरंही असतं, फक्त तो माल परत येणार नसतो. तिसरा नियम ऑफरच्या पट्टीचा. ती लेबलावर लोंबकळू द्यायची नाही.

रोबो चालू करण्याआधी माणसाने हातातल्या स्कॅनरने सगळी लेबलं एकदा वाचावीत आणि वस्तूंच्या मूळ यादीशी ताडून पाहावीत. तीन ढीग पडतात: फळीवर लेबल आहे पण यादीत वस्तू नाही, यादीत आहे पण लेबल नाही, आणि एकाच वस्तूची लेबलं दोन ठिकाणी. तिसरा ढीग चूक असेलच असं नाही, कारण एकच बिस्किट मुख्य फळीवर आणि बिलिंग काउंटरजवळही ठेवलेलं असतं. अशा वस्तूला दोन्ही जागा नोंदवाव्यात, नाहीतर एक जागा रिकामी दिसताच ‘माल संपला’ म्हणून खोटा इशारा जातो.

फळीवरची एक जुनी सवय रोबोला विशेष फसवते. माल कमी झाला की फळी भरलेली दिसावी म्हणून शेजारचा माल पसरून ठेवतात. गिऱ्हाइकासाठी ते बरं दिसतं, पण रिकामी जागा झाकली जाते. इथे फक्त रिकामी जागा शोधून भागत नाही. लेबल आणि त्यामागच्या मालाचं चित्र जुळतं का तेही पाहावं लागतं. हुकांवर टांगलेल्या मालाचंही तसंच. पुढचं एक पाकीट सगळा हुक झाकतं, म्हणून डेप्थ कॅमेरा थोडा बाजूने बघेल असा लावावा.

आता फळीची खबर आणि संगणकातला साठा यांची सांगड. देहोराशियस आणि रामन या संशोधकांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार नोंदींपैकी ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळत नव्हत्या. रोबोचं मोल मला इथेच वाटतं. संगणक म्हणतो १२ नग आहेत, फळी रिकामी आहे, मागच्या खोलीतही काही नाही. मग आपोआप जाणारी मागणी कधीच जात नाही, कारण संगणकाच्या लेखी माल आहे. असा भुताटकी साठा शोधायला विक्रीचा वेग जोडून पाहावा. रोज सरासरी ६ नग खपणारी वस्तू दिवसभरात एकही खपली नाही, तर ते योगायोगाने घडण्याची शक्यता पाव टक्क्याच्या आसपास असते. आठवड्याला एक नग खपणारी वस्तू एक दिवस न खपणं मात्र अगदी सामान्य आहे, जवळजवळ ८७ टक्के. म्हणून सगळ्या वस्तूंना ‘२४ तास विक्री नाही’ हा एकच निकष लावू नये. आणि रोबोने स्वतःहून साठा शून्य करू नये. माणसाने मागची खोली बघून होकार दिल्यावरच नोंद बदलावी.

कामाची यादी लहान हवी. रोबोला ४०० गोष्टी दिसल्या तरी सकाळच्या पाळीच्या हाती द्यायच्या त्या ३०-४०: फळी रिकामी, मागच्या खोलीत माल आहे आणि वस्तू लवकर खपणारी. यादी वाटेच्या क्रमाने लावावी, म्हणजे माणसाची येरझार वाचते. अमेरिकेतल्या वॉलमार्टने असे रोबो पुरवणाऱ्या बोसा नोव्हा कंपनीशी करार २०२० च्या नोव्हेंबरमध्ये संपवला, तेव्हा तिचे रोबो सुमारे ५०० दुकानांत होते. ऑनलाइन मागण्या भरणारे कर्मचारी दिवसभर त्याच वाटांतून फिरत असतात आणि रिकाम्या जागा त्यांनाही दिसतात, असं कारण तेव्हा पुढे आलं. म्हणून आपल्या दुकानात फळ्यांवरून रोज कोण, किती वेळा फिरतं हे आधी बघावं. उलट बाजूने, वॉलमार्टच्याच सॅम्स क्लब या दुकानसाखळीने २०२२ मध्ये फरशी धुणाऱ्या स्वयंचलित यंत्रांवरच साठा पाहणारे कॅमेरे चढवले. यंत्र तसंही प्रत्येक वाटेतून जाणारच असतं, त्यामुळे मला ही कल्पना व्यवहार्य वाटते. फक्त फरशी धुण्याची वेळ आणि माल लावून झाल्याची वेळ जुळायला हवी.

आरएफआयडीचा रोबो घेतला तर अडचणी वेगळ्या. लहरी ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या, त्यातला कोणता तुकडा वापरायचा हे देशाच्या नियमावर. रीडर (टॅग वाचणारं यंत्र) त्याच तुकड्याचा आहे का ते विकत घेण्याआधी बघावं. रीडरमधलं सत्र (उत्तर दिलेला टॅग किती वेळ गप्प राहील ते ठरवणारी सेटिंग) एस२ किंवा एस३ ठेवावं, म्हणजे एकदा उत्तर दिलेला टॅग काही काळ गप्प राहतो आणि लांबच्या टॅगांना वाव मिळतो. एस० ठेवलं तर जवळचेच टॅग पुन्हा पुन्हा बोलत राहतात. घडी घालून एकावर एक रचलेल्या कपड्यांत टॅग एकमेकांना चिकटले की काही मुके होतात. धातूचा रॅक लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. भिंतीपलीकडच्या खोलीतला माल दुकानात मोजला जातो. तिथे अँटेनाची ताकद कमी करून, दोन दिशांनी फेरी मारून, सिग्नल कुठे सर्वांत तीव्र होता त्यावरून जागा ठरवावी.

बॅटरीचं गणित सोपं आहे. २४ व्होल्ट, ४० अँपिअर-तास म्हणजे ९६० वॅट-तास. सरासरी खर्च १२० वॅट धरून आणि २० टक्के राखून सहा-साडेसहा तास मिळतात.

तपासणीशिवाय यादी वाटू नये. पाच रॅक निवडून, रोबो गेल्यावर १५ मिनिटांच्या आत माणसाने तेच रॅक बघावेत, कारण त्याहून उशीर झाला तर फळीच बदललेली असते. दोन आकडे वेगळे लिहावेत: रोबोने रिकाम्या म्हटलेल्यांपैकी खरोखर किती रिकाम्या होत्या, आणि खरोखर रिकाम्या असलेल्यांपैकी रोबोला किती सापडल्या. पहिला आकडा आधी सुधारावा. चार वेळा उगाच मागच्या खोलीत जाऊन आलेला माणूस पाचव्यांदा यादी उघडत नाही.

मांडणी बदलते त्या रात्री रॅकची नवी जागा नकाशात, नवी लेबलं यादीत आणि प्रवेशबंदीच्या रेघा, तिन्ही एकाच बैठकीत बदलावीत. यातलं एक जरी सकाळवर टाकलं तर सकाळची पहिली फेरी रद्द करून तेवढ्या भागाची यादी हाताने करावी.