तिथीची पाऊणपट

आमची कोकणातल्या हेदवीची मोटरसायकल राइड अजून कागदावरच आहे, आणि खरं सांगायचं तर कागदावरच ती सगळ्यात छान धावते. मुलाची उरलेली शाळेची वही, पेन्सिल, खोडरबर आणि भिंतीवरून काढून मांडीवर घेतलेलं कॅलेंडर. मोबाइलचं आणि माझं या कामात पटत नाही. पुण्याहून हेदवी म्हटलं की तो चिपळूणवरून एक निळी रेघ ओढून मोकळा होतो. त्याला पोचायची घाई.

माझी रेघ अशी: ताम्हिणी उतरायचा, माणगावला टाकी फुल करायची, म्हसळ्यावरून हरिहरेश्वर, बागमांडल्याला गाडी बोटीत घालून पलीकडे वेश्वी, आणि केळशीवरून मुक्कामाला आंजर्लं. दुसऱ्या दिवशी हर्णै, दाभोळ, पुन्हा बोट, धोपावे, गुहागर, हेदवी.

किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं तर हिशेब खाड्यांचा. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की वाशिष्ठीपलीकडचं धोपावे समोर दिसतं. बोटीने चहा गार व्हायच्या आत पोचाल. बोट नसेल तर त्याच धोपाव्यासाठी दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा. म्हणून वहीत पहिल्या पानावर बोटींच्या वेळा, आणि शेवटच्या फेरीखाली दोन रेघा.

या बोटीला तिकडे जंगलजेट्टी म्हणतात. ओहोटी असली की धक्क्याचा उतार पार खालपर्यंत उघडा पडतो आणि त्यावर हिरवं बुळबुळीत शेवाळ असतं. मागच्या खेपेला तिथेच मी शहाण्यासारखा पुढचा ब्रेक दाबला. गाडीचं पुढचं चाक बाजूला निघालं. मागून येणाऱ्या कोळीणबाईंनी एका हाताने डोक्यावरची पाटी सावरली आणि दुसऱ्या हाताने माझं कॅरिअर धरलं. "पुढचा सोड रे!" एवढंच म्हणाल्या, आणि मी सावरेपर्यंत बोटीत जाऊन बसल्यासुद्धा. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. वहीत मात्र नोंद आहे: धक्क्यावर फर्स्ट गिअर, मागचा ब्रेक.

बाकी तयारी फार नाही. पंक्चरचं सामान, दोन प्लग, आणि मेकॅनिकने जुन्या क्लच केबलला लागूनच ओढून ठेवलेली नवी केबल. ही त्याची युक्ती. तुटलीच तर रस्त्यात फक्त टोकं बदलायची.

खरी डोकेफोड भरतीची. हेदवीला समुद्राकाठच्या कातळात बामणघळ नावाची एक अरुंद भेग आहे. भरतीला लाट आत घुसते, पुढे जायला वाट नसते, मग पाणी कारंज्यासारखं वर उसळतं. मी दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा ओहोटीला. दोन्ही वेळा एका कोरड्या भेगेचा फोटो काढून परत आलो. घरी ते फोटो अजून निघतात, विशेषतः पाहुणे आले की.

यंदा त्यामुळे उलटीकडून सुरुवात केली. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा, आणि वर उधाणाची भरती. ठरवलेली पौर्णिमा रविवारीच येतेय. पावसाळ्यातला जोर नोव्हेंबरात नसणार, पण पावसाळ्यात ताम्हिणीत मला समोरचा ट्रक दिसत नाही. तेव्हा सव्वाअकराला हेदवी, म्हणजे नऊच्या सुमारास दाभोळचा धक्का, म्हणजे सातला आंजर्लं सोडायचं, म्हणजे शनिवारी बागमांडल्याची दुपारची बोट, म्हणजे पुण्यातून पहाटे पाचला किक.

"अहो, आगगाडी सोडताय की मोटरसायकल?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. मी दुर्लक्ष केलं. इतकं चोख गणित मला शाळेत कधी जमलं नव्हतं.

काल रात्री राइडच्या जोडीदाराचा फोन आला. "अरे, त्या शनिवारी साडूकडे वास्तुशांत निघालीय. आपण एकच आठवडा पुढे जाऊ. काय फरक पडतो?"

पुढच्या रविवारी वद्य अष्टमी. भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती, तीही सहाला. सकाळी सहाला आम्ही आंजर्ल्यात अंथरुणात आणि संध्याकाळी सहाला हेदवीत अंधारायला आलेलं. त्याला हे सगळं फोनवर समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बरं, मग आठला जाऊ."

खोडरबर कुठे गेलं कोण जाणे.